आधी आठ जण जमव

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या गावी सायकल पोलोचा संघ उभा करायचा म्हणतेस, आणि शाळांमध्ये लावायच्या पोस्टरचा मजकूर तपासायला पाठवलास. मजकूर ठीक आहे. पोस्टर मात्र लावू नकोस. पोस्टर वाचून मुलं एकेकटी येतात आणि एकेकटीच निघून जातात. सायकलवर बसून स्टिकने चेंडू गोलात मारायच्या आपल्या या खेळाला मैदानावर एका बाजूला चार, दोन्हीकडचे मिळून आठ लागतात. पाचच आले की सामना होत नाही, नुसता सराव होतो, आणि नव्या पोराला सरावात काडीचा रस नसतो. तेव्हा टोळी आण. एकाच वस्तीतल्या, एकाच रस्त्याने शाळेला जाणाऱ्या चौघी मिळाल्या तर अर्धं काम झालं. एकीने दांडी मारली तर बाकीच्या तिघी तिला घरून ओढून आणतात. ते काम तुला कधीच जमणार नाही.

अशा टोळ्या तुझ्या भागात आयत्या आहेत. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहा आणि कोण कोणाबरोबर येतं तेवढं बघ. पण त्या सायकली मैदानावर आणू देऊ नकोस. एक रिम वाकली तर त्या मुलीची शाळा बुडेल आणि तिच्या बापाच्या लेखी तुझा खेळ त्याच दिवशी संपेल. भंगारातून पाच-सहा जुन्या सायकली उचल. कॅरियर, स्टँड, मडगार्ड, घंटी, पडल्यावर अंगाला लागेल असं सगळं काढून टाक. उजव्या हातात स्टिक असते, म्हणजे ब्रेक डाव्या हातानेच लागणार. तो मागच्या चाकाचा आहे ना, हे प्रत्येक सायकलीवर स्वतः तपास. पुढच्या चाकाचा असेल तर पोर हँडलवरून पुढे जाईल. हेल्मेट नाही तर खेळ नाही, यात सूट कोणालाच नको.

आता कोणाला निवडायचं? तू वेगाने सायकल मारणारी पोरं शोधतेस, असं पत्रावरून वाटलं. ती शर्यतीला चांगली. आपल्याला हवी स्लो सायकलची पोरं. स्नेहसंमेलनात स्लो सायकलची स्पर्धा असते बघ, सगळ्यांत शेवटी पोहोचेल तो जिंकतो. तिथे जिंकलेला आणि पाय न टेकता शेवटपर्यंत टिकलेले दोघे-तिघे, हेच तुझे खेळाडू. चेंडूवर गर्दी झाली की सायकल जवळजवळ उभी ठेवून, एका हाताने हँडल सांभाळत वळावं लागतं. स्टिक मारणं महिन्याभरात शिकवता येतं. तोल मात्र ज्याचा लहानपणी बसला त्याचा बसला. हॉकी खेळलेलं कोणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण तुझ्या गावात हॉकी कुठली!

पहिल्याच दिवशी सामना लाव. नियम सांगत बसू नकोस. पूर्ण मैदान तुला मिळणारही नाही आणि नवख्यांना ते पेलणारही नाही. अमेरिकेत सिएटलच्या सायकल कुरिअरवाल्यांनी साधारण २००० च्या सुमारास याच खेळाचं सिमेंटवरचं रूप काढलं, ते उचल. एका बाजूला तिघेच, पाच गोल आधी करेल तो संघ जिंकला, आणि पाय टेकला की कोर्टाच्या मध्याजवळ जाऊन ठरलेल्या जागी स्टिक टेकवून यायचं, तोवर चेंडू खेळायचा नाही. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट पुरतं. त्यांनी स्टिक स्कीच्या काठ्यांच्या आणि पाइपाच्या बनवल्या. तू बांबूला पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसव आणि त्याची धार घासून घे. पाय टेकल्यावरची ती फेरी बघताना मुलं इतकी हसतात की पडण्याची भीती विसरतात. गवतावरच्या आपल्या नियमांकडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वळ. माझ्या पिढीतल्या प्रशिक्षकांना हे पटणार नाही, त्यांचं मनावर घेऊ नकोस.

पोस्टरवरचा इतिहास मला आवडला. १८९१ साली आयर्लंडच्या विकलो परगण्यात रिचर्ड मेक्रेडीने खेळ काढला, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या प्रदर्शनी सामन्यात आयर्लंडने जर्मनीला ३-१ ने हरवलं, सगळं बरोबर. पण तेरा वर्षांच्या पोराला त्याचं काय? पालक मात्र विचारतील, ‘ऑलिंपिकमध्ये आहे का?’ सरळ सांग, एकदा दाखवायला होता, आता नाही.

दुसरा प्रश्न नोकरीचा येईल. २०२० साली केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातले खेळ ४३ वरून ६३ झाले, त्यात मल्लखांबाबरोबर सायकल पोलोही आला. विचारलं तर सांग, आपणहून सांगू नकोस. नोकरीच्या आशेने आलेला प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतच खेळतो, आणि तुझ्या उरलेल्या सात जणांचा सामना बंद पडतो.

तिसरा प्रश्न अवघड आहे आणि तो एखादी आईच विचारेल. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच नागपुरात राष्ट्रीय स्पर्धेला आलेली केरळची दहा वर्षांची खेळाडू आजारी पडून रुग्णालयात दगावली. तिच्या राज्यातल्या दोन संघटनांचा वाद कोर्टात गेला होता. तिचा संघ कोर्टाच्या आदेशाने खेळायला आला होता आणि राहण्या-जेवणाचं त्यांचं त्यांनाच बघावं लागत होतं. मृत्यूचं खापर त्या वादावर फोडू नकोस, ते ठरवणारे आपण नव्हे. पण मुलगी बाहेरगावी गेली तर कुठे राहील, काय खाईल, सोबत बाई कोण असेल, याचं उत्तर लिहून घरोघरी दे. आपल्या संघटनेची मान्यता कोणाकडून आहे, तो कागदही सोबत ठेव. ज्या स्पर्धेचं हे उत्तर मिळत नाही, तिथे संघ नेऊ नकोस, मग भले पदक हुकू दे.

पावसाळ्यात सुरू करायचा विचार सोड. तुमच्याकडची काळी माती चाकाला चिकटली की सायकल खांद्यावर घेऊन घरी जावं लागतं. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात सुरू कर. माझ्याकडच्या जुन्या स्टिक एसटीने पाठवतो, त्यातल्या दोन-तीन स्टिकच्या मुठी सैल झाल्या आहेत, त्या आवळून घे. चेंडूंचं मात्र तूच बघ.

तुझे,
सर