वकिलाला विचारा: मेमरी कार्डातली गाणी अन् झाडीपट्टीचं शूटिंग

प्रश्न: वकील दादा, आमच्या गावातली मोबाईल शॉपी पैसे घेऊन मेमरी कार्ड फुल भरून देते, गाणे, पिक्चर सगळं. ट्रॅक्टरवर ऐकाले मीबी भरून घेतलं. दुसरं म्हणजे बाबांनी विकत घेतलेल्या भजनाच्या ओरिजनल सीड्या होत्या, प्लेअर बिघडला म्हणून त्या मी पेनड्राइव्हवर उतरवल्या. हा गुन्हा होते का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, सीड्यांचं टेन्शन सोडा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात खासगी, वैयक्तिक वापरासाठी वाजवी कॉपी केली तर ते उल्लंघन धरत नाहीत. आधी ही सवलत पुस्तकं, नाटकं, चाली, चित्रं यांच्यापुरतीच होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर रेकॉर्ड केलेली गाणी आणि सिनेमेही त्यात आले. वाजवी म्हणजे नेमकं किती, हे कायद्यात कुठंच मोजून दिलेलं नाही, कोर्ट ज्या त्या केसमधे बघतं, पण घरच्यांनी पैसे देऊन घेतलेली सीडी, एक पेनड्राइव्ह, ऐकणारे तुम्हीच, यात कोणाची भाकरी हिरावली? तीच पेनड्राइव्ह गावभर कॉपी करून वाटली तर मात्र ही सवलत तुमच्या कामाची नाही.

शॉपीवाला स्वतःसाठी काही करत नाही, तो कॉपी विकतो. कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सांगितलं, म्हणजे पोलीस वॉरंट नसताना अटक करू शकतात. गावातला पोरगा चार पैशांसाठी एवढी जोखीम घेतो याचं मला खरंच वाईट वाटतं, त्याला कोणीतरी हे समजावून सांगा. तुम्हीही आता भरून घेऊ नका, कॉपी मुळातच चोरीची असली की "माझ्यापुरती आहे" हे म्हणणं लंगडं पडतं.

प्रश्न: आमच्या गणेश मंडळात गाणी वाजवतो, यंदा प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवायचा विचार आहे, तिकीट नाही. चालते का?
– मंडळाचा कार्यकर्ता, जि. वाशिम

उत्तर: खऱ्या धार्मिक कार्यक्रमात गाणी वाजवायला कलम ५२ मधेच सूट आहे (लग्नाची वरातसुद्धा त्यात धरली आहे), पण सिनेमाचं नाव त्या सुटीत नाही. फुकट दाखवला तरी परवानगी लागते.

प्रश्न: मंडईला (आमच्याकडची गावजत्रा) झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या मंडळ्यांचं नाटक लागलं होतं, मी मोबाईलवर पूर्ण रेकॉर्ड केलं. यूट्यूबवर टाकू का? मित्र म्हणते ३० सेकंद टाकलं तर चालते.
– एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर: ३० सेकंदांचा असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही, आणि खाली "कॉपीराइट मूळ मालकाचा" असं लिहिल्यानंही काही सुटका होत नाही. स्वतः बघायला रेकॉर्ड केलं तर कलाकारांच्या हक्काचा भंग होत नाही, कलम ३९ तसं सांगतं. अपलोड केलं की विषय बदलतो, कारण स्टेजवरच्या प्रत्येक कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो आणि लेखकाचा नाटकावर वेगळा. वडसा आणि आसपासच्या मंडळ्या दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र रात्र जागून खेळ करतात, त्या चार महिन्यांच्या कमाईवर कित्येक घरं चालतात, अन् आज तुमच्या गावी झालेलं नाटक उद्या शेजारच्या गावी तिकिटावर लागायचं असतं, ते आधीच मोबाईलवर फुकट दिसलं तर तंबूत येईल कोण? नाटक आवडलं असेल तर मंडळीच्या मॅनेजरला फोन करा, एखाद्या गाण्याची क्लिप टाकू का म्हणून विचारा, हो म्हणाले तर ते मेसेजवर लिहून घ्या आणि मंडळीचं नाव, बुकिंगचा नंबर व्हिडिओखाली टाका.