आधी तारीख, मग डोअर पॅड

पुण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘माझी २०११ची स्विफ्ट ट्रॅकसाठी आतून रिकामी केली. मागची सीट, कार्पेट, चारही डोअर पॅड (दारांचं आतलं अस्तर) काढले. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवरून परतताना कागलजवळ एका टेम्पोने डाव्या बाजूला ठोकलं आणि तो पळून गेला. विमा कंपनीने क्लेम नाकारला. आता दारं दुरुस्तीला टाकतोय. सनपॅक, एसीपी शीट की अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा? यातलं स्वस्त, हलकं आणि कायद्यात बसणारं कोणतं?’

‘गाडीत बदल केले, क्लेम गेला’ अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात, आणि त्यातली बहुतेक असाच भलताच प्रश्न विचारतात. पॅडचं उत्तर देतो, पण आधी तुम्ही सोबत जोडलेलं पत्र बघू.

क्लेम नाकारल्याचं ते पत्र १९ जानेवारी २०२४चं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. ती १९ जानेवारी २०२६ला भरतात. मी हे लिहितोय तेव्हा नोव्हेंबर २०२५ संपत आलाय. मधल्या बावीस महिन्यांत तुम्ही कंपनीला अकरा ई-मेल पाठवलेत आणि दर वेळी ‘आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवलं आहे’ एवढंच उत्तर आलंय. या पत्रव्यवहाराने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. विमा लोकपालांकडे फुकटात दाद मागता आली असती, पण तिथली मुदत एक वर्षाची, ती गेली. आयोगाला उशीर माफ करता येतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि ‘ई-मेल करत होतो’ हे सबळ कारण धरलं जाईल असं मला वाटत नाही. चिडून लिहितोय, कारण तुमची बाजू पडकी नाही. ती निव्वळ तारखेपायी बुडाली तर मला खरंच वाईट वाटेल.

आता पॅडचा प्रश्न मला का खटकला ते सांगतो. कंपनीचं पहिलं कारण असं आहे की दारांच्या रचनेत न कळवता बदल केला, त्यामुळे बाजूच्या धडकेत नुकसान वाढलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली एक स्पष्टीकरण आहे, सगळा वाद त्यावर उभा आहे. फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. डोअर पॅड ही रचना नाही, ते दाराचं अस्तर आहे. पण पॅडच्या मागे जे आहे ती रचना आहे.

तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. धूळ-पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा अर्धा फाटलाय. त्यामागे दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली आडवी नळी दिसते. ती आत वाकलीय, पण तिच्यावर कारखान्यातलाच मूळ रंग आहे आणि दोन्ही टोकांचे वेल्डचे ठिपके जागेवर आहेत. बाजूची धडक अंगावर घ्यायला ठेवलेली नळी तीच. गाडी हलकी करायच्या नादात काही जण ती कापून टाकतात. तुम्ही कापली नाही, आणि कंपनीच्या पहिल्या कारणाला तुमचं सगळ्यात मोठं उत्तर हेच आहे. तो पुरावा या घडीला तुमच्या गॅरेजवाल्याच्या हातात आहे. त्याने ठोकून दार सरळ केलं किंवा दारच बदललं, की तो गेला. म्हणून आजच फोन करा: डाव्या दारांना हात लावायचा नाही. परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअरकडून (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याकडून) नळीची तपासणी, मापं आणि फोटो करून घ्या, अहवालासोबत त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत अजून मागितली नसेल तर लेखी मागा.

दुसरं कारण वापराचं. तुमच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळली आहे. ट्रॅकवर ठोकली असती तर मी तुम्हाला घरी बसा म्हटलं असतं. पण धडक महामार्गावर झाली, गाडी घराकडे निघाली होती, आणि कागलला पोलिसांत त्याच दिवशी नोंद आहे. हे कारण टिकेल असं मला दिसत नाही.

दोन जागी तुम्ही स्वतःच पाय अडकवून घेतलाय. नूतनीकरणाच्या अर्जात ‘गाडीत बदल केले आहेत का’ यापुढे तुम्ही ‘नाही’ लिहिलंत. आणि आरसी बुकात आसनक्षमता ५ असताना मागची सीट घरी ठेवून गाडी महामार्गावर काढलीत. आरसीतली नोंद आणि गाडी जुळली पाहिजे, यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बोट ठेवलंय, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बेकायदा फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आयोग याला किती वजन देईल ते मी छातीठोक सांगणार नाही. पूर्ण रक्कम धरून चालू नका. मात्र २००८मध्ये, टॅक्सी म्हणून वापरलेली खासगी गाडी चोरीला गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के भरपाई कायम ठेवली होती. तक्रारीत पूर्ण रकमेची मागणी करा आणि ती न मिळाल्यास या धर्तीवर तडजोडीच्या रकमेची पर्यायी मागणी जोडा.

तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगात चालेल, तुम्ही तिथे राहता एवढं पुरे. भरलेला हप्ता ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, पण त्रुटी निघतात आणि त्या दुरुस्त करायला दिवस जातात, म्हणून १५ डिसेंबरच्या पुढे जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३८ म्हणतं निकाल तीन महिन्यांत लावावा. प्रत्यक्षात नुसत्या तारखांवर वर्षं जातात, पदं रिकामी राहतात, आणि तुमच्यासारखा माणूस कंटाळून नाद सोडतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही सोडू नका.

आता पॅड. रस्त्यावर चालवायची असेल तर मूळचेच डोअर पॅड, नाना पेठेत जुने शोधा. ते एका दाराला दोन-तीन किलो वाचवण्यापायी काढलेत, त्यावरून एवढं झालं. फक्त ट्रॅकची गाडी करायची असेल तर एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांतल्या ‘परिशिष्ट जे’मधली मापं धरा: धातूचा पत्रा किमान ०.५ मिमी, कार्बन फायबर किमान १ मिमी, दुसरं काही असेल तर ते घन, न जळणारं आणि किमान २ मिमी. निवडणुकीचे फलक करतात ते सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचं, पेटतं. दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात त्या साध्या एसीपीचा गाभाही प्लास्टिकचाच. म्हणून १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, कडा दुमडून घ्या, आयोजकांचे नियम आधी विचारा, आणि गाडी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवरून न्या.

गच्चीवर ठेवलेली मागची सीट मात्र या आठवड्यात खाली आणा. गाडी पुन्हा रस्त्यावर काढायच्या आधी ती जागेवर बसलेली हवी.