मानसोपचार वॉर्डच्या नोंदीत ‘आक्रमक’, ‘हट्टी’, ‘गोंधळलेल्या’ असं लिहायचं नाही, तर मग काय लिहायचं?

तुमची मानसोपचार विभागात पहिलीच पोस्टिंग आहे, आणि ‘मूल हट्टी’, ‘आजी गोंधळलेल्या’, ‘रुग्ण आक्रमक’ अशा नोंदींवर दर वेळी लाल रेघ येते. लाल रेघ बरोबरच आहे. हे शब्द म्हणजे तुमचं मत, आणि मतावरून पुढच्या पाळीतल्या सिस्टरला काहीच करता येत नाही. कधीपासून, कशानंतर, किती वेळ, कोणासमोर हे लिहिलंत तर त्याच नोंदीवरून निदान बदलू शकतं.

आधी आजींचं बघू, कारण तिथली चूक सगळ्यात लवकर अंगाशी येते. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, महिन्या-वर्षांनी वाढत जातो. डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक भान हरपणं, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. डिमेन्शिया असलेल्या माणसालाच डेलिरियम लवकर होतो, त्यामुळे ‘त्यांना विसरायचा आजार आहेच’ म्हणून सगळे गप्प बसतात. सकाळी राउंडला आजी बऱ्या दिसतात, रात्री दोनला चादरीवरचे नसलेले किडे झटकतात. डॉक्टरांनी पाहिलेल्या असतात त्या सकाळच्या आजी, त्यामुळे रात्रीचं चित्र त्यांच्यापर्यंत पोहोचतं ते तुमच्या नोंदीतूनच. ती अशी असावी: ‘रात्री २.१०. चादर सतत ओढतात, “किडे काढा” म्हणतात. नाव सांगितलं, ठिकाण सांगता आलं नाही. प्रश्न संपायच्या आत लक्ष दुसरीकडे. मुलगी सांगते, परवापर्यंत स्वतः जेवत होत्या.’

लक्ष टिकतं का हे पाहायला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा. ४एटी नावाच्या चाचणीत ७ किंवा जास्त महिने बरोबर आले तर लक्ष ठीक धरतात. त्याच चाचणीत वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष हे चार प्रश्न असतात, शिवाय जागरूकता आणि अचानक झालेला बदल पाहतात. एकूण ४ किंवा जास्त गुण म्हणजे डेलिरियमची शक्यता. स्पष्ट दिसणारी असामान्य गुंगी किंवा अचानक बदल, यांपैकी एकच गोष्ट असली तरी ४ गुण होतात. ही चाचणी मुद्दामच तशी कडक आहे. आरडाओरडा करणारी आजी सगळ्यांना दिसते. दिवसभर पडून राहणारी, जेवताना डोळे मिटणारी, ‘शांत आहेत, काही त्रास नाही’ अशी नोंद झालेली आजी सुटून जाते, आणि तिचा डेलिरियम तितकाच गंभीर असतो.

डॉक्टरांना फोन करण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. ताप, नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन, बोटातून साखर. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग असूनही ताप नसू शकतो, म्हणून श्वासाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजा. शेवटची लघवी कधी झाली? ओटीपोट फुगलेलं, दाबल्यावर दुखतंय? शौच किती दिवसांपूर्वी? पाणी किती पोटात गेलं? गेल्या काही आठवड्यांत पडल्या का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? डोक्यातला रक्तस्राव पडल्यानंतर काही आठवड्यांनीसुद्धा उघड होऊ शकतो. रुग्ण रोज दारू पिणारा असेल तर शेवटचा घोट कधी, हे नातेवाइकांना स्पष्ट विचारा. त्यानंतरचे दोन ते चार दिवस सगळ्यात धोक्याचे.

आणि औषधांचा तक्ता. मानसोपचार वॉर्डात ट्रायहेक्सीफेनिडिल (मनोविकाराच्या औषधांमुळे येणारा ताठरपणा आणि थरथर कमी करायला देतात ते) इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. वृद्धांत त्यानेच लघवी तुंबते, पोट साफ होत नाही आणि गोंधळ वाढतो. अमिट्रिप्टिलिन, ऑक्सीब्युटिनिन, सर्दीच्या आणि झोपेच्या काही साध्या गोळ्या याच माळेतल्या. हॅलोपेरिडॉलची, म्हणजे भास-भ्रमांवरच्या अँटिसायकोटिक औषधाची, ऑर्डर असेल आणि रुग्णाला स्पष्ट आकृत्या दिसणं, हातपाय ताठ होणं, दिवसादिवसाला चढउतार असं असेल, तर देण्याआधी विचारा. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात या औषधाने भयंकर ताठरपणा येऊ शकतो. डिमेन्शियाच्या वृद्धांत अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांसाठी आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठीही दिला आहे.

कारण सापडेपर्यंत चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, समोर दिसेल असं घड्याळ ठेवा, रात्री मंद उजेड, शक्यतो तीच सिस्टर. बांधू नका; बांधलेला माणूस जास्त झटापट करतो आणि त्यातच इजा होते. ‘सोय म्हणून’ लघवीची नळी (कॅथेटर) तर नकोच. एक फरक मात्र लक्षात ठेवा. डेलिरियममध्ये ‘तुम्ही दवाखान्यात आहात, रात्र आहे, मी नर्स आहे’ असं हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगितल्याने मदत होते. डिमेन्शिया पुढे गेलेला असेल तर ‘तुमची आई वारली’ असं दुरुस्त करणं म्हणजे दर वेळी नव्याने दुःखाची बातमी देणं. तिथे ‘आई काय करायची तुमची?’ असं विचारा, त्या बोलू लागतात.

‘आक्रमक’ हा शब्द बहुतेक अंघोळीच्या किंवा कपडे बदलण्याच्या वेळी लिहिला जातो. मग तसंच लिहा: ‘उजवा हात वर उचलताच ओरडल्या, नर्सचं मनगट पकडलं, हात सोडताच शांत.’ आता ही खांद्याच्या दुखण्याची नोंद झाली. बोलून सांगता येत नाही अशांसाठी दुखणं मोजायची पेनॅड मोजपट्टी आहे. श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजूत काढल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. हालचाल करताना मोजा. पडून असताना मोजलेला आकडा फसवा असतो.

मुलांच्या बाबतीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. तिसरा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि गोम तिथेच असते. ‘४.०५ ला मोबाइल काढून घेतला. जमिनीवर लोळला, ७ मिनिटं ओरडला, टेबलाला लाथ. आईने मोबाइल परत दिला.’ हे वाचल्यावर मूल हट्टी आहे की सातव्या मिनिटाला मोबाइल मिळतो हे शिकलेलं आहे, ते कळतं. पालकांना आधीच बजावून ठेवा की हट्टाकडे दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. तिथे हार मानली तर मूल जास्त वेळ ओरडायला शिकतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तिथे अर्थातच दुर्लक्ष हा उपाय नाही. सूचना जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच, आणि काय करायचं ते सांगणारी: ‘पळू नकोस’ ऐवजी ‘माझ्या शेजारी चाल’. ऐकलं की लगेच, नेमकं कौतुक. ‘शहाणा’ नको, ‘पहिल्या हाकेला आलास’ असं.

अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं निदान करायला लक्षणं सहा महिने, दोन किंवा अधिक ठिकाणी आणि त्यांतली काही तरी बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. म्हणून शाळेतली नोंद मागवा. त्यावरचं मेथिलफेनिडेट हे औषध चालू असेल तर भूक, झोप, वजन, नाडी, बीपी पाहा, उंची दर सहा महिन्यांनी. संध्याकाळी उशिरा दिलेला डोस झोप उडवतो.

पण चंचल दिसणारं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं. दार वाजलं की दचकणारं, हात वर केला की डोकं झाकणारं, एका ठरावीक माणसासमोर गप्प होणारं मूल धोका हेरत बसलेलं असू शकतं. तीन रकान्यांत ‘कोण हजर होतं’ हे लिहायला विसरू नका.

अत्याचाराचा संशय आला तर मूल असो, स्त्री असो की वृद्ध, सोबतच्या माणसाला बाहेर बसवून बोला, आणि नातेवाइकाला दुभाषा करू नका. प्रश्न मोकळा: ‘हे कसं झालं?’ ‘बाबांनी मारलं का?’ असं विचारलंत तर उत्तराचं वजन गेलं. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. सविस्तर चौकशी प्रशिक्षित माणसाने करायची असते. ‘कोणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागेल. संशयाची खबर वरिष्ठांना द्यायची असते, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही.

नोंदीत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात. जखम शरीराच्या आकृतीवर दाखवा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये द्या. वळाचा, म्हणजे मुका मार लागून उठलेल्या काळ्या-निळ्या डागाचा, रंग लिहा, पण त्यावरून ‘तीन दिवसांपूर्वीचा’ असं ठरवू नका. रंगावरून वय खात्रीने कळत नाही. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ, किंवा चार महिन्यांखालच्या बाळाला कुठेही वळ दिसला की तोच धोक्याचा इशारा समजा. पायमोज्यासारखी सरळ कड असलेला भाजल्याचा डाग, वृद्धांच्या मनगटावर बांधल्याच्या खुणा, सांगितलेल्या हकिगतीशी न जुळणारी जखम हेही तसंच. गळा दाबल्याचं कळलं, आवाज बसला असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर मानेवर खूण नसली तरी लगेच डॉक्टर. आत सूज वाढत असू शकते. आणि नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईला ‘सोडून दे त्याला’ म्हणू नका. घर सोडण्याचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो. कागदपत्रं, पैसे, औषधं कुठे, रात्री कोणाकडे जाता येईल, यावर तिच्याशी बोला. कार्ड किंवा पत्रक हातात द्यायच्या आधी ते घरी सापडलं तर काय होईल, हे तिलाच विचारा.

नोंद त्याच पाळीत करा. काही राहून गेलं असेल तर मधल्या रिकाम्या जागेत घुसडू नका. ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून आत्ताची वेळ आणि घटनेची वेळ, दोन्ही घाला आणि सही करा. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे.