पाणी-बर्फ-वाफ नको रे

खानापुरात रविवारी पोरांना धर्मशिक्षण द्यायला लागलास, बरं झालं. फक्त त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे सांगायला, पाणी-बर्फ-वाफेचा दाखला देऊ नकोस. त्यातून एकच देव तीन रूपं पालटतो असं होतं, आणि हे साबेल्लियस नावाच्या धर्मशिक्षकाचं मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. त्यापेक्षा चर्चचा थोर धर्मपंडित संत ऑगस्टीन, त्याचा धागा धर. ‘चांगला’, ‘थोर’ हे देवाच्या सत्त्वाबद्दल, म्हणजे देव मुळात काय आहे त्याबद्दल, तिघांनाही सारखंच लागू. ‘पिता’, ‘पुत्र’ ही मात्र नात्याची नावं. पुत्राशिवाय पिता कसला? युनोमियस हा चौथ्या शतकातला धर्मपंडित ‘अजन्मा’ (ज्याला कुणी जन्म दिला नाही तो) हेच देवाचं सत्त्व मानून बसला आणि तिथेच घसरला; तेही नात्याचंच नाव. ‘तीन व्यक्ती’ म्हटलं की पोरांना तीन माणसं दिसतातच, मराठी असोत की कोंकणी. ऑगस्टीनही सांगतो, अगदीच गप्प राहावं लागू नये म्हणून तसं म्हणायचं. त्रैक्याची शिकवण ठरवणाऱ्या चर्चच्या धर्मसभा, निकीया 325, कॉन्स्टँटिनोपल 381, मागाहून सांग; सनावळ्या पोरं पाठ करतात.