लेव्हल दिसतंय म्हणजे वजन पुढे गेलंय असं नाही

तुमचा प्रश्न वाचताना "मागची बाजू बसली तर नंतर एअरबॅग टाकू" या वाक्यापाशी थांबले. (ही एअरबॅग म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी.) सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं. तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) ठरलाय, कॅटलॉगात टंग वेट (ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीमागच्या बॉलवर, म्हणजे जोडणीच्या गोळ्यावर, टाकतो तो भार) ५८० पौंड दिलंय, ट्रेलरची कमाल वजनमर्यादा ७,००० पौंड आहे, ओढायला हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप आहे, आणि विकणारा ६०० पौंडांच्या बारचा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बॉलवरचा भार स्प्रिंग बारने इतर चाकांवर वाटून देणारी जोडणी) देतोय. तुम्हाला फक्त चेनवाला (बार साखळीने टांगलेला) घ्यावा की ब्रॅकेटवाला (बार पट्टीच्या आधारावर टेकलेला), एवढंच हवंय. त्यावर शेवटी लिहिते, कारण त्याच्या आधीचा आकडाच मला चुकीचा वाटतोय. माझा नेमका तिथेच चुकला होता.

मी मेकॅनिक नाही. एक गाडी, एक ट्रेलर आणि बऱ्याच प्रवासांचा अनुभव एवढंच माझ्याकडे आहे. तुमच्या गाडीच्या किंवा हिचच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलेलं असेल तर तेच धरा. ही सगळी सामग्री पौंडात विकली जाते म्हणून आकडे पौंडातच देते. बॉलचा साईज, सेफ्टी चेन, ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) हे तुम्ही पाहिलं असेल असं धरून चालते.

कॅटलॉगातलं टंग वेट हे बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरचं असतं. भरलेले दोन गॅस सिलिंडर साधारण ७५ पौंडांचे, बॅटरी ५०-६० पौंडांची, आणि या दोन्ही वस्तू बसतात नेमक्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे त्यांचा जवळजवळ सगळा भार बॉलवर. मग पुढच्या कप्प्यात आपण खुर्च्या, पाण्याचे पाईप, हत्यारांची पेटी कोंबतो. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर ४० गॅलन पाण्याचे ३३० पौंड आणखी, त्यातला काही हिस्सा बॉलवर. माझ्या कॅटलॉगात ५६० होतं. काट्यावर भरलं ९००.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असायला हवा. १० च्या खाली गेलात तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. म्हणून तुमच्या बाबतीत ५८० हा आकडा विसरा आणि ७,००० चे १३ टक्के धरा, म्हणजे ९१०. तो आकडा मनात ठेवून हिच बघा, ५८० ठेवून नाही.

आता हा भार गाडीचं काय करतो ते बघा. बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पिकअपचं अगदी तेच होतं. माझ्या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १२ फूट, आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या ५ फूट मागे. तिथे ९०० पौंड टेकले की पुढचा अ‍ॅक्सल ३७५ पौंडांनी हलका होतो आणि मागच्यावर ९०० नव्हे, १,२७५ पौंड वाढतात. पुढच्या चाकांवर स्टिअरिंग आहे, आणि ब्रेकचा मोठा वाटाही तिथेच आहे. हिचचे स्प्रिंग बार पहारेसारखं काम करतात. ते त्या भारातला काही भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर परत ढकलतात आणि थोडा ट्रेलरच्या अ‍ॅक्सलकडे पाठवतात. बार कमी ताकदीचे असतील तर ते नुसते वाकतात आणि पुढे फारसं काही जात नाही.

माझं झालं असं. ट्रेलर घेतला तिथल्याच सर्व्हिस सेंटरने ६०० पौंडांच्या बारचा हिच बसवून दिला. ट्रेलर रिकामा, गाडीत मी एकटी, काम पंधरा मिनिटांत उरकलं. कुणी टेप लावून काही मोजलं नाही. पहिल्याच प्रवासात संध्याकाळी समोरून येणारे एकामागून एक लाईट मारायला लागले. मी दोनदा तपासलं, माझे लाईट लो बीमवरच होते. गाडीचं नाक वर गेलं होतं आणि उजेड थेट त्यांच्या डोळ्यांत जात होता. शिवाय रस्त्यावर जराशी उंचसखल जागा आली की गाडीचं पुढचं तोंड तीन-चारदा वरखाली डुलायचं.

परत येऊन त्याच सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने बाहेर येऊन गाडीकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, मागची स्प्रिंग नरम आहे, एअरबॅग टाका. बार बदलावेत का, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, "या मॉडेलला आम्ही सगळ्यांना हेच देतो." मी एअरबॅग टाकल्या. हवा भरली, मागचा भाग वर आला, गाडी आणि ट्रेलर फुटपट्टी लावल्यासारखे एका रेषेत दिसायला लागले. लाईट मारणं थांबलं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ही. एअरबॅग मागचा भाग फक्त वर उचलते. पुढच्या अ‍ॅक्सलवरून गेलेलं वजन ती परत आणत नाही. पूर्वी निदान वर गेलेलं नाक दिसत तरी होतं. एअरबॅगने ते लपवलं आणि वजन होतं तिथेच राहिलं.

दोन महिन्यांनी पावसात हायवेवरून उतरणाऱ्या वळणावर आले. वेग कमीच होता. स्टिअरिंग वळवलं आणि ते हातात एकदम सैल लागलं, लोण्यातून सुरी फिरावी तसं. चाकं वळलेली होती आणि गाडी सरळ जात होती. मागे मुलगी बसलेली. फार तर दोन सेकंद गेले असतील, मग टायरने पकड घेतली आणि गाडी वळली. कडेचा कठडा किती जवळ आला होता ते मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर गेले. प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं दाखवणारा काटा लागतो. तीन वेळा तोलायचं: एकटी गाडी, ट्रेलर जोडून पण बार काढून, आणि बार लावून. तिन्ही वेळा गाडीत तीच माणसं, तेच सामान, तेवढंच इंधन. माझी एकटी गाडी पुढे ३,१००, मागे २,७००. ट्रेलर जोडून बार न लावता पुढे २,७२५, मागे ३,९७५. म्हणजे गाडीवर एकूण ९०० वाढले, तेच खरं टंग वेट. आणि माझ्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा होती ३,८००. त्या ६०० वाल्या बारनी पुढे जेमतेम ६० पौंड परत आणले होते. इतके महिने मी कुटुंबाला घेऊन तशीच फिरत होते.

ती वजनाची चिठ्ठी घेऊन सेंटरमध्ये गेले तर बार वापरलेले आहेत म्हणून परत घेता येणार नाहीत, असं सांगितलं. चिठ्ठी कुणी हातात घेऊन वाचलीसुद्धा नाही. बार जुने झाले म्हणून ते नाकारतात ते मी समजू शकते, पण ज्या आकड्यांवर माणसांचा जीव अवलंबून आहे ते आकडे बघायचे नाहीत, याचा राग मला आजही येतो. सगळीच सेंटरं अशी असतात असं मी म्हणत नाही. नंतर एका छोट्या वर्कशॉपमध्ये एका वयस्कर मेकॅनिकने दीड तास टेप घेऊन माझ्याबरोबर गुडघ्यावर बसून काम केलं. मला जे येतं ते त्यांच्यामुळे.

आता तुमच्या निवडीकडे येते. रिसीव्हरवरचं (गाडीच्या मागे हिच ज्यात बसतो त्या चौकोनी खोबणीवरचं) स्टिकर वाचा. त्यावर दोन आकडे असतात, एक बार नसतानाचा आणि एक वेट डिस्ट्रिब्यूशनसाठीचा, आणि दोन्हींत फरक असतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असा हिच लावूच नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं (गाडी स्वतःवर किती वजन पेलू शकते त्याचं) स्टिकर बघा. टंग वेट, स्वतः हिच (तो ७५ ते १०० पौंडांचा असतो, हे सगळे विसरतात), माणसं आणि मागच्या हौद्यातलं सामान, या सगळ्यांची बेरीज त्यात बसायला हवी. हाफ-टन गाडीत चार माणसं आणि ९०० पौंड टंग वेट म्हटलं की ही बेरीज बहुतेक वेळा इथेच अडते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला म्हणून गाडीची पेलोडची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही.

बार किती पौंडांचे? खऱ्या टंग वेटपेक्षा थोडे जास्त. काही हिच उत्पादक तर हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेलं सामानही टंग वेटमध्ये धरायला सांगतात, ते मला पटतं. माझ्या ९०० ला मी १,००० वाले घेतले. "जास्तीचे असलेले बरे" म्हणून कुणी १,४०० वाले गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. फार ताठ बार धक्के गिळत नाहीत, प्रत्येक खड्डा ट्रेलरच्या फ्रेमला आणि तुमच्या रिसीव्हरला सोसावा लागतो.

बसवताना टेप लागतोच. पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत उंची मोजा: ट्रेलर नसताना, जोडून बार न लावता, आणि बार लावून. माझ्या गाडीचं मॅन्युअल पुढची जेवढी उंची वाढली असेल त्याच्या निम्मी परत आणा म्हणतं. तुमच्या गाडीचं वेगळं म्हणू शकेल. पण मूळ उंचीपेक्षा खाली पुढचा भाग कधीही दाबू नका. तसं केलं तर मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक मारताना गाडी मागून फिरू शकते, ते आणखी वाईट. नव्या बारनंतर माझे आकडे आले पुढे २,९२०, मागे ३,६८०, आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर १०० जास्त. एअरबॅग अजून आहेत, पण त्यांत कमीत कमी हवा ठेवते आणि बार लावल्यानंतर तिला हात लावत नाही.

उंची जुळत नसेल तर चेनची एक कडी ओढून कुस्ती करू नका. हिचच्या हेडचा (बॉल आणि बार बसतात त्या भागाचा) कोन बदलायचा असतो, त्यासाठी वॉशर असतात. माझ्या पहिल्या हिचमध्ये ते वॉशर पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नव्हते.

आता चेन की ब्रॅकेट. हे माझं मत आहे, नियम नाही. तुमच्या ट्रेलरला मी ब्रॅकेटवाला घेईन, कारण बार ब्रॅकेटवर घासतात आणि त्या घर्षणाने ट्रेलरचं डुलणं दबतं. चेनवाल्यात ते काम वेगळी फ्रिक्शन दांडी करते, आणि ती रिव्हर्स घेण्याआधी काढावी लागते. एकदा विसरलात की दांडी वाकते. ब्रॅकेटवाला वळताना कर्रर्र आवाज करतो, पहिल्यांदा घाबरायला होतं, पण ते घर्षणच आपल्याला हवं असतं. तिथे ग्रीस लावू नका, उत्पादकाने सांगितलंय तेवढंच वंगण. तुमच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक असतील, म्हणजे दांडा आत सरकून ब्रेक लागणारे, तर हिच घेण्याआधी तो त्यांच्याबरोबर चालतो का ते उत्पादकाला लेखी विचारा. बरेच चालत नाहीत.

आणि युरोपातल्या कॅरॅव्हानवाल्यांचे व्हिडिओ बघून गोंधळू नका. त्यांच्याकडे बॉलवर ७५-१०० किलोच भार ठेवतात, त्यामुळे त्यांचं यंत्र फक्त डुलणं रोखतं, वजन पुढे ढकलत नाही.

कुठलाही हिच सामान भरण्यातली चूक झाकू शकत नाही. मागच्या बंपरवर चार सायकली टांगून ट्रेलर उलाळ केलात तर तो डुलणारच. आणि डुलायला लागलाच तर पायाने ब्रेक मारू नका, वेग वाढवून बाहेर पडायलाही बघू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा. ते बटण अंधारातही हाताला सापडेल इतकं आधी सरावाचं करून घ्या.

बार लावताना आणि काढताना ट्रेलर जोडलेला ठेवून जॅकने दांडा आणि गाडीची मागची बाजू एकत्र वर उचला, म्हणजे बार जवळजवळ मोकळे होतात. ताणलेला बार हातोड्याने किंवा लांब पाईपने ओढू नका आणि त्याच्या रेषेत उभे राहू नका. निसटला तर हाड मोडतं. बॉलचा नट ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून घ्या. सव्वा इंची शँकला (बॉलच्या खालच्या आट्यांच्या दांडीला) तो साधारण ४५० फूट-पौंड असतो, घरच्या पान्याने ते होत नाही. पहिल्या प्रवासानंतर पुन्हा तपासा.

ट्रेलर ताब्यात आला की सामान, गॅस, पाणी नेहमीसारखं भरून त्या तीन वजनांच्या चिठ्ठ्या काढा आणि आकडे इथे लिहा, सोबत गाडीच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या मर्यादा. मी बसून बघेन. विकणाऱ्याला आजच सांगून ठेवा की बार तोलून झाल्यावरच ठरवणार, आणि एअरबॅग बिलात आधीच टाकली असेल तर काढायला लावा.