हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांवरून दोन तासांच्या आत आणण्यासाठी कार्बन प्लेटचे बूट घ्यावेत का?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यात नियमित धावूनही हाफ मॅरेथॉनचा वेळ २ तास १५ मिनिटांवर अडला आहे, रोजचे धावणे साधारण ६:३०च्या पेसने (किलोमीटरला साडेसहा मिनिटे) होते आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी कार्बन प्लेटचे (तळव्यात कार्बनची ताठ पट्टी असलेले) महागडे बूट घेण्याचा विचार आहे. माझ्या मते तो खर्च यंदा टाळावा.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासामुळे या बुटांचा बोलबाला झाला, त्यात धावण्यासाठी लागणारी ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी वाचली होती. पण त्यातले धावपटू १० किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत पुरे करणारे होते आणि चाचणी ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने झाली होती. तुमचा वेग ताशी ९.४ किलोमीटर आहे. कमी वेगावरच्या नंतरच्या चाचण्यांत फायदा एक टक्क्याच्या आसपास उतरला, म्हणजे तो सगळा वेळेत जमा झाला असे धरले तरी तुमच्या हिशेबात सव्वा मिनिटाच्या थोडे वर, आणि तुम्हाला हवी आहेत पंधरा मिनिटे. शिवाय ते उंच, मऊ तळवे वळणावर डगमगतात, ही गोष्ट दुकानात फारसे कोणी सांगत नाही.

साधे, रोजच्या सरावाचे बूट घ्या आणि ते घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते; धावताना घालता तेच मोजे बरोबर न्या. नाडी बांधून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे आणि चालताना टाच आत उचलली जाता कामा नये. ही पुढची जागा किती मोलाची असते ते सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना कळते. बूट आखूड असेल तर प्रत्येक पावलाला बोटे पुढे आदळतात आणि दोन दिवसांत नख काळेनिळे होते. पाऊल पुढे रुंद असेल तर मोठा नंबर घेण्यापेक्षा त्याच मॉडेलची रुंद जोडी मागवावी, कारण लांबी वाढवून रुंदी मिळवली की टाच हलू लागते. तळपायाची कमान पाहून बूट ठरवून देण्याच्या पद्धतीवर मी विसंबत नाही. दुकानाच्या दारातच चार पावले पळून जो बूट पायाला जाणवत नाही, तो घ्यावा. सध्याच्या बुटाचा ड्रॉप (टाचेखालच्या आणि पुढच्या तळव्याच्या उंचीतला फरक) १० मिलिमीटर असेल तर एकदम ४ वर उतरू नका, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर लगेच तक्रार करतात.

खरी अडचण मला तुमच्या ६:३०मध्ये दिसते. तुमचा शर्यतीचा पेस ६:२४ आहे, म्हणजे तुम्ही जवळजवळ रोजच शर्यत धावता. त्यामुळे किलोमीटर वाढवायला अंगात ताकद उरत नाही आणि वेगाच्या सरावालाही पाय ताजे नसतात. आठवड्यातले बहुतेक धावणे ७:१५ ते ७:४५ने, शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतके सावकाश करा. सुरुवातीला ते लाजिरवाणे वाटते, ओळखीची माणसे पुढे निघून जातात, तरी करा. एक दिवस मात्र कसून घ्या: एका आठवड्यात वीस मिनिटे ६:०५च्या आसपास टेम्पो (न थांबता, एकसारख्या कसदार वेगाने धावणे), दुसऱ्या आठवड्यात एक किलोमीटरच्या पाच फेऱ्या ५:४०ने, मधे दोन-तीन मिनिटे हळू जॉगिंग. रविवारचा लाँग रन हळूहळू १८ किलोमीटरपर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर कमी करा आणि शर्यतीआधीचे दहा दिवस हलके ठेवा.

दोन तासांसाठी ५:४१चा पेस लागतो आणि एका हंगामात तो जमेलच असे मी म्हणणार नाही. डिसेंबरच्या मध्यावर सपाट रस्त्यावर १० किलोमीटर पूर्ण ताकदीने धावून पाहा. ते साडेचौपन्न मिनिटांच्या आत झाले तर दोन तासांचा पेस धरा. ५७ मिनिटांच्या आसपास झाले तर २ तास ५ मिनिटे हे लक्ष्य ठेवून ५:५५ने धावा. पहिले तीन किलोमीटर त्याहूनही थोडे सावकाश जाऊ द्या, कारण पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्या शरीराला मुंबईचा दमटपणा पहाटेही जाणवतो.