बँकेचा मेसेज गेला चोराच्या हातात. मग तीन दिवस मोजायचे कुठून?

प्रश्न : गुरुवारी संध्याकाळी बसमध्ये माझ्या पतीचा मोबाइल गेला. कुठे तरी पडला असेल म्हणून त्या रात्री कोणालाच कळवलं नाही. शुक्रवारी सकाळी बँकेत पासबुक भरून घेतलं, तर आदल्या रात्री यूपीआयवरून २५,०००, २०,००० आणि १५,००० रुपये गेलेले. काउंटरवर सांगितलं, तर ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणाले. त्याच रात्री आणखी ८,००० गेले. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी नवं सिम आणि पोलिसांचा दाखला मिळाला, बुधवारी लेखी तक्रार दिली. यूपीआय पिन मोबाइलमधल्याच नोट्समध्ये लिहिलेला होता. बँक म्हणते, उशीर तुमचा, चूकही तुमची. पैसे मिळतील का?

उत्तर : पिन मोबाइलमध्ये लिहू नये हे आता तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. अशी पत्रं इतकी येतात की तो भाग मी सोडूनच देतो. तुमचं सगळं अडलंय ते बुधवारवर.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंतचा बोजा, आणि तो दर व्यवहारामागे. हे ‘दर व्यवहारामागे’ लोक वाचतच नाहीत. तुमचे गुरुवारचे व्यवहार तीन, म्हणजे एका दिवसाच्या फरकाने ३०,००० रुपये तुमच्या अंगावर येतात.

हे दिवस मोजायचे ते बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून, तो दिवस वगळून आणि तुमच्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे. बँक म्हणणार, एसएमएस गुरुवारी रात्रीच गेला. तसं धरलं तर शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा आणि बुधवार चौथा. पण एसएमएस ‘पाठवला’ आणि ‘मिळाला’ यात फरक आहे. तो पोचला चोराच्या हातातल्या मोबाइलवर. तुमच्या पतींना व्यवहार कळले ते शुक्रवारी, पासबुकातून. तिथून मोजलं तर बुधवार तिसरा. नव्या सिमपासून मोजलं तर दुसराच. मी शुक्रवार धरूनच लिहीन, कारण तुम्ही स्वतः काउंटरवर बोलून आलात हे लपवायचं नाहीये, उलट तेच सिद्ध करायचंय. एक मात्र तपासा : बँक ई-मेलही पाठवते का, आणि तो गुरुवारी रात्री घरच्या संगणकावर कोणी उघडला होता का. उघडला असेल तर वरचा हिशेब डळमळतो.

शुक्रवारी तक्रार क्रमांक न घेता परत आलात, हे मात्र मला समजत नाही. तक्रार आली की खात्यातले पुढचे गैरव्यवहार ताबडतोब रोखणं आणि तक्रार नोंदवून क्रमांक देणं, दोन्ही बँकेची जबाबदारी. त्यासाठी पोलिसांच्या कागदाची वाट पाहायची नसते. म्हणून आजच शाखेला लेखी पत्र द्या : शुक्रवारी सकाळचं काउंटरचं सीसीटीव्ही चित्रण आणि पासबुक छपाईची नोंद जपून ठेवा. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. हे चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं आणि मग तुमच्या शब्दाला आधार राहत नाही.

या नोंदीचा आणखी एक उपयोग. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी. म्हणजे शुक्रवारी रात्रीचे ८,००० कोणत्याही हिशेबात बँकेनेच भरायचे.

उरले ६०,०००. इथे पिनचा मुद्दा आडवा येतो. निष्काळजीपणा ठरला तर कळवण्यापूर्वीचं सगळं नुकसान ग्राहकाचं. परिपत्रकात उदाहरण आहे ते पिन वगैरे दुसऱ्याला दिल्याचं. लॉक असलेल्या मोबाइलमध्ये लिहून ठेवणं त्यात बसतं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मोबाइलला लॉक होतं की नाही हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर आहे एवढं लक्षात ठेवा. खोटं बोलू नका. पण बँकेच्या छापील फॉर्मवर ‘पिन उघड झाला’ अशी ओळ असेल तर न वाचता सही करू नका.

पोलिसांकडे तुम्ही ‘गहाळ’ अशी नोंद केली असणार. बहुतेक जण तेच करतात. मोबाइल चोरीला गेला आणि त्यावरून पैसे काढले, असा पुरवणी जबाब द्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर अजून कळवलं नसेल तर आज कळवा, जरी पहिले काही तास हातचे गेले असले तरी. चोराने ज्या खात्यात पैसे वळवले तिथे ती रक्कम गोठवली गेली असेल तर थोडी आशा. जास्त सांगत नाही.

तक्रार दिल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल लागायला हवा. लेखी नकार आला, किंवा ३० दिवस उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा विचार त्यानंतर. कायद्यात तिथे तीन महिन्यांत निकाल लिहिलाय. तिथल्या तारखा पाहिल्या तर तो कुठले तीन महिने म्हणतो असा प्रश्न पडतो. पण दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो, ती मुदत चुकवू नका.